चार्जिंग झाकण उघडणारे घरगुती बटण (वीजपुरवठा)

चार्जिंग झाकण उघडणारे घरगुती बटण हे विद्युत मोटारीच्या चार्जिंग पोर्टवरील झाकण दुरून उघडण्यासाठी हौशी व्यक्तीने स्वतः तयार केलेले लहान रेडिओ साधन होय. बटण दाबल्यावर ते ठरावीक वारंवारतेचा एक छोटा संकेत पाठवते. मोटारीतील ग्राही तो ओळखतो आणि झाकण उघडण्याची यंत्रणा चालू करतो. संकेत पाठवणारे मंडल साधे असते. तरीही अशा साधनांच्या रचनेत सर्वाधिक विचार करावा लागतो तो त्याच्या वीजपुरवठ्याचा. साधन दिवसातून एकदोनदाच, तेही क्षणभर वापरले जाते. उरलेला सर्व वेळ ते निष्क्रिय असते. त्यामुळे सेल किती वर्षे टिकेल हे प्रत्यक्ष वापरापेक्षा निष्क्रिय अवस्थेत वाहणाऱ्या सूक्ष्म विद्युतधारेवर अवलंबून असते. वीजपुरवठ्याच्या निवडीशी सुरक्षिततेचे दोन गंभीर प्रश्नही निगडित आहेत : चार्जरच्या संकेततारेतून वीज घेतल्याने उद्भवणारा धोका आणि लहान मुलांनी कॉइन सेल गिळण्याचा धोका.

पार्श्वभूमी

विद्युत मोटारीचा चार्जिंग पोर्ट पाणी, धूळ व अपघाती स्पर्श यांपासून सुरक्षित राहावा म्हणून त्यावर झाकण असते. अनेक मोटारींत हे झाकण हाताने दाबून किंवा आतील तरफ ओढून उघडतात. काही मोटारींत ते विजेच्या मोटरने उघडते. टेस्ला कंपनीच्या मोटारी हे याचे परिचित उदाहरण आहे. या कंपनीच्या स्वतःच्या चार्जिंग केबलच्या मुठीवर एक बटण असते. ते दाबताच मुठीतील प्रेषक रेडिओ संकेत पाठवतो व जवळच्या मोटारीचे झाकण उघडते. उत्तर अमेरिकेत या संकेताची वारंवारता ३१५ मेगाहर्ट्झ, तर युरोपात ४३३.९२ मेगाहर्ट्झ आहे.

अन्य कंपन्यांच्या चार्जरच्या मुठीत असा प्रेषक नसतो. तेव्हा मोटारमालकाला झाकण उघडण्यासाठी मोटारीतील पडदा, भ्रमणध्वनीवरील ॲप किंवा किल्लीवरील बटण वापरावे लागते, अथवा कुलूप उघडलेले असताना झाकण हाताने दाबावे लागते. एका हातात जड केबल असताना हे गैरसोयीचे ठरते. या गैरसोयीतून घरगुती बटणाची कल्पना पुढे आली. चार्जरच्या मुठीवर किंवा भिंतीवर बसवता येईल असा छोटा प्रेषक हौशी मंडळी सुट्या भागांपासून जोडतात.

भारतात टेस्लाचे पहिले विक्रीदालन मुंबईतील वांद्रे-कुर्ला संकुलात १५ जुलै २०२५ रोजी सुरू झाले. भारतात चारचाकी विद्युत वाहनांसाठी टाइप-२ (प्रत्यावर्ती विद्युतधारा) आणि सीसीएस-२ (एकदिश विद्युतधारा) ही जोडणीची मानके प्रचलित आहेत आणि घरगुती चार्जर बहुधा मोटारनिर्मात्याखेरीज अन्य कंपन्यांचेही असतात.

रचना व कार्य

अशा साधनाचे साधारणपणे चार भाग असतात :

१. दाबबटण – क्षणिक संपर्क करणारे, हात काढताच पूर्ववत होणारे.
२. मायक्रोकंट्रोलर – संकेताचा क्रम साठवून तो योग्य वेळमापाने बाहेर पाठवणारी चिप. एटिनी८५ ही आठ टाचण्यांची चिप या कामासाठी पुरेशी ठरते.
३. प्रेषक – मायक्रोकंट्रोलरच्या आज्ञेनुसार रेडिओ तरंग चालू-बंद करणारे मंडल. या पद्धतीत तरंग असणे म्हणजे ‘एक’ व नसणे म्हणजे ‘शून्य’ मानले जाते.
४. वीजपुरवठा – सेल, त्याची खोबण व आवश्यकतेनुसार कपॅसिटर.

प्रेषकाला जोडलेल्या साध्या तारेच्या अँटेनाची लांबी तरंगलांबीच्या एक चतुर्थांश ठेवतात. ४३३.९२ मेगाहर्ट्झसाठी ती सुमारे १७.३ सेंटिमीटर आणि ३१५ मेगाहर्ट्झसाठी सुमारे २३.८ सेंटिमीटर येते. बटण वापरणारी व्यक्ती मोटारीपासून एकदोन मीटर अंतरावरच उभी असते. त्यामुळे मोठ्या प्रेषणशक्तीची गरज नसते. शक्ती कमी ठेवल्यास सेलवरील भार कमी होतो व शेजारच्या वाहनांपर्यंत संकेत पोहोचण्याची शक्यताही घटते.

विजेच्या गरजेचा हिशोब

कमी शक्तीचा प्रेषक व मायक्रोकंट्रोलर मिळून संकेत पाठवताना साधारण १५ मिलिअँपिअर विद्युतधारा घेतात आणि प्रत्येक वेळी अर्धा सेकंद चालू राहतात, असे मानल्यास हिशोब पुढीलप्रमाणे होतो.

एका दाबण्याचा खर्च = १५ × ०.५ = ७.५ मिलिअँपिअर-सेकंद, म्हणजे सुमारे ०.००२ मिलिअँपिअर-तास. दिवसातून दोनदा वापर केल्यास वर्षाचा खर्च सुमारे १.५ मिलिअँपिअर-तास होतो. सीआर२०३२ या कॉइन सेलची क्षमता सुमारे २२० मिलिअँपिअर-तास असते. केवळ वापराचा विचार केला तर असा सेल शंभराहून अधिक वर्षे पुरेल. प्रत्यक्षात तसे होत नाही, कारण वर्षाचे ८,७६० तास निष्क्रिय अवस्थेतील विद्युतधारा वाहत असते.

निष्क्रिय धारा १ मायक्रोअँपिअर असेल तर वर्षाला सुमारे ८.८ मिलिअँपिअर-तास खर्च होतात. हा खर्च वापरातील खर्चाच्या जवळजवळ सहापट आहे. तरीही सेल त्याच्या साठवणकाळाच्या मर्यादेपर्यंत, म्हणजे साधारण दहा वर्षे, टिकू शकतो. निष्क्रिय धारा १० मायक्रोअँपिअर असल्यास सेल सुमारे अडीच वर्षांत संपतो. मंडलावर २ मिलिअँपिअर घेणारा एक सूचक दिवा सतत जळत ठेवला तर तोच सेल साडेचार दिवसांत रिकामा होतो. तयार विकास-फलक जसाच्या तसा वापरल्यास परिस्थिती याहून बिकट होते. आर्डुइनो उनो हा फलक काहीही न करता चाळीस ते पन्नास मिलिअँपिअर घेतो, आणि कॉइन सेल एवढी धारा सातत्याने देऊच शकत नाही.

यावरून असे दिसते की, प्रेषकाचा खर्च कमी करण्यापेक्षा निष्क्रिय अवस्थेतील गळती थांबवणे अधिक फलदायी असते.

सेलचे प्रकार

घरगुती बटणासाठी वापरले जाणारे प्रमुख सेल पुढीलप्रमाणे आहेत. क्षमतेचे आकडे स्थूलमानाचे असून ते निर्माता व भार यांनुसार बदलतात.

| सेल | विभवांतर (व्होल्ट) | क्षमता (मिलिअँपिअर-तास) | विशेष |
|---|---|---|---|
| सीआर२०३२ | ३ | २२० | पातळ व हलका; अंतर्गत रोध अधिक |
| सीआर२४५० | ३ | ६०० | जाड; अंतर्गत रोध तुलनेने कमी |
| २३ए | १२ | ५० | दाराची घंटा व दूरनियंत्रकांत प्रचलित |
| ट्रिपल-ए अल्कलाइन, दोन | ३ | १,००० | सर्वत्र उपलब्ध. पाझरण्याची शक्यता |
| ट्रिपल-ए निकेल-मेटल हायड्राइड, दोन | २.४ | ७५० ते ८०० | पुन्हा भारित करता येतात |
| एलआयआर२०३२ | ३.६ | ४० | पुन्हा भारित होतो. पूर्ण भारित असता ४.२ व्होल्ट |

सीआर२०३२ या नावातील अंक सेलचे माप सांगतात : व्यास २० मिलिमीटर व जाडी ३.२ मिलिमीटर. त्यापुढील ‘सीआर’ ही अक्षरे लिथियम-मँगनीज डायऑक्साइड या रसायनाची निदर्शक आहेत. खोलीच्या तापमानाला या सेलचा स्वविसर्ग वर्षाला सुमारे १ टक्का, म्हणजे अत्यल्प, असतो. म्हणून क्वचित वापरल्या जाणाऱ्या साधनांसाठी तो योग्य मानला जातो.

२३ए हा सेल बाहेरून एकच दिसत असला तरी त्याच्या आवरणात १.५ व्होल्टचे आठ चपटे अल्कलाइन सेल एकावर एक रचलेले असतात. १२ व्होल्टवर थेट चालणाऱ्या प्रेषकाला तो सोयीचा असतो. मात्र मायक्रोकंट्रोलरसाठी १२ व्होल्टचे ३ व्होल्ट करताना साध्या रेषीय नियामकात तीन चतुर्थांश ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जाते. शिवाय ७८०५सारखा जुन्या पद्धतीचा नियामक स्वतःसाठीच सुमारे ५ मिलिअँपिअर घेतो. तो सतत जोडलेला राहिल्यास २३ए सेल दहा तासांत संपतो.

सीआर२०३२ व एलआयआर२०३२ या सेलचा आकार सारखा असल्याने एकाच्या जागी दुसरा बसवला जाण्याची शक्यता असते. ३.६ व्होल्टची कमाल मर्यादा असलेल्या प्रेषक-चिपला ४.२ व्होल्ट मिळाल्यास ती निकामी होऊ शकते. उलटपक्षी, सीआर प्रकारचा सेल भारित करण्याचा प्रयत्न केल्यास तो फुगून फुटू शकतो.

जागेची अडचण नसेल, उदाहरणार्थ बटण भिंतीवर बसवायचे असेल, तर दोन ट्रिपल-ए सेलचा पर्याय सर्वांत सोपा ठरतो. त्यांचा अंतर्गत रोध कमी असतो, ते खेड्यातील किराणा दुकानातही मिळतात आणि त्यांत कॉइन सेलसारखा गिळण्याचा धोका नसतो.

निष्क्रिय धारा कमी करण्याच्या पद्धती

मालिका-बटण : या पद्धतीत दाबबटण सेल व मंडल यांच्या मधोमध जोडतात. बटण सुटले की मंडल पूर्णपणे विजेपासून तुटते व निष्क्रिय धारा शून्य होते. दाबताच मायक्रोकंट्रोलर जागा होतो, संकेत पाठवतो व हात काढताच बंद पडतो. ही पद्धत सर्वांत साधी व भरवशाची आहे. संकेत पूर्ण होण्याआधी बोट उचलले गेल्यास झाकण उघडत नाही, ही तिची उणीव होय. एकच संकेत लागोपाठ अनेकदा पाठवून ती बऱ्याच अंशी भरून काढता येते.

निद्रावस्था : या पद्धतीत मायक्रोकंट्रोलर सेलला कायम जोडलेला असतो, काम झाल्यावर तो स्वतः गाढ निद्रावस्थेत जातो व बटण दाबल्याने निर्माण होणाऱ्या व्यत्यय-संकेताने जागा होतो. एटिनी८५ चिप या अवस्थेत एका मायक्रोअँपिअरहून कमी धारा घेते. मात्र त्यासाठी चिपमधील देखरेख-घड्याळ, अल्पविभव-रक्षक व अंकरूपक हे उपविभाग बंद ठेवावे लागतात. एखादा उपविभाग चालू राहिला तर धारा काही पटींनी वाढते आणि बाहेरून त्याची कोणतीही खूण दिसत नाही. प्रेषकाची निष्क्रिय धाराही याच हिशोबात धरावी लागते.

स्वधारक जोडणी : या पद्धतीत पी-चॅनल मॉसफेट हा ट्रान्झिस्टर स्विचचे काम करतो. बटण दाबताच मॉसफेट सुरू होतो. जागा झालेला मायक्रोकंट्रोलर त्याला स्वतःच सुरू ठेवतो व संकेत पूर्ण झाल्यावर सोडून देतो. यामुळे बटण कितीही थोडा वेळ दाबले तरी संकेत पूर्ण जातो आणि नंतर मंडल जवळजवळ संपूर्ण बंद होते. बटण अडकून दाबलेले राहिले तरी प्रेषण एकदाच व्हावे, अशी व्यवस्था प्रोग्रॅममध्ये करता येते.

विभवांतरातील घट आणि कपॅसिटर

कॉइन सेलची मर्यादा त्याच्या क्षमतेपेक्षा त्याच्या अंतर्गत रोधात असते. नव्या सीआर२०३२ चा अंतर्गत रोध साधारण १० ते २० ओहम असतो आणि सेल संपत येताना तो शंभर ओहमच्याही पुढे जातो. १५ ओहम रोध व १५ मिलिअँपिअर धारा असता विभवांतर सुमारे ०.२ व्होल्टने घटते, हे सहज चालते. रोध ६० ओहम झाल्यावर तीच धारा ०.९ व्होल्टची घट घडवते. मग ३ व्होल्टचा सेल मंडलाला २.१ व्होल्टच देतो. अशा वेळी प्रेषक दुबळा पडतो किंवा मायक्रोकंट्रोलर मध्येच बंद होऊन पुन्हा सुरू होतो. सेलमध्ये निम्मी ऊर्जा शिल्लक असतानाही साधन ‘मृत’ वाटते, ते यामुळेच.

यावर उपाय म्हणून सेलला समांतर कपॅसिटर जोडतात. १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ०.३ व्होल्टची घट सोसून १५ मिलिअँपिअर धारा केवळ २ मिलिसेकंद पुरवू शकतो. पूर्ण संकेताला तो अपुरा आहे. परंतु चालू-बंद पद्धतीच्या संकेतात प्रत्येक स्पंद एका मिलिसेकंदाहून लहान असतो व स्पंदांमध्ये विश्रांती असते. त्यामुळे कपॅसिटर धारेतील चढउतार सपाट करतो आणि सेलला कमाल धारेऐवजी सुमारे निम्मी सरासरी धारा द्यावी लागते.

कपॅसिटरची निवड करताना त्याची स्वतःची गळती लक्षात घेणे आवश्यक असते. १०० मायक्रोफॅरड, ६.३ व्होल्टच्या सामान्य अॅल्युमिनियम इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरची कमाल गळती सुमारे ६ मायक्रोअँपिअर मानली जाते. ही गळती निद्रिस्त मायक्रोकंट्रोलरच्या धारेहून कितीतरी अधिक आहे. म्हणून कमी गळतीचा सिरॅमिक कपॅसिटर वापरतात किंवा कपॅसिटर बटणाच्या पलीकडे, म्हणजे दाबल्यावरच वीज मिळेल अशा बाजूस, जोडतात.

सेल उलटा बसवला गेल्यास मंडल वाचावे म्हणून डायोड जोडण्याची प्रथा आहे. साधा सिलिकॉन डायोड ०.६ ते ०.७ व्होल्ट, तर शॉट्की डायोड सुमारे ०.३ व्होल्ट खातो. ३ व्होल्टच्या पुरवठ्यात ही घट मोठी असल्याने त्याऐवजी मॉसफेट वापरणे किंवा सेल एकाच बाजूने बसेल अशी खोबण वापरणे श्रेयस्कर ठरते.

चार्जरमधून वीज घेण्याचा धोका

बटण चार्जरच्या मुठीवर बसवायचे असल्यास सेल टाळून चार्जरच्याच तारांतून वीज घ्यावी, असा विचार साहजिकपणे सुचतो. मुठीत येणाऱ्या बारीक तारांपैकी ‘कंट्रोल पायलट’ या तारेवर मोटार जोडलेली नसताना १२ व्होल्ट विभवांतर असते. मात्र ही तार वीजपुरवठ्यासाठी नसून सुरक्षिततेच्या संवादासाठी आहे.

आंतरराष्ट्रीय आयईसी ६१८५१ व त्यावर आधारित भारतीय आयएस १७०१७ या मानकांनुसार चार्जर १२ व्होल्टचा पुरवठा १,००० ओहमच्या रोधकातून या तारेवर देतो आणि तारेवरील विभवांतर पाहून मोटारीची स्थिती ओळखतो :

- १२ व्होल्ट – मोटार जोडलेली नाही;
- ९ व्होल्ट – मोटार जोडली आहे, परंतु वीज घेण्यास सज्ज नाही;
- ६ व्होल्ट – मोटार वीज घेण्यास सज्ज आहे. मुख्य संपर्कक जोडावा.

या तारेतून बटणाच्या मंडलाने ३ मिलिअँपिअर धारा घेतली की १,००० ओहमच्या रोधकावर ३ व्होल्ट खर्च होतात व तारेवर ९ व्होल्ट उरतात. चार्जर मोटार जोडल्याचे समजतो. धारा ६ मिलिअँपिअर झाली तर तारेवर ६ व्होल्ट राहतात, म्हणजे हातातील मोकळ्या मुठीच्या टोकांवर २३० व्होल्टची वीज सोडण्याची सूचना चार्जरला मिळते. अनेक चार्जर मोटारीतील डायोडचीही तपासणी करतात आणि तो न आढळल्यास दोष दाखवून थांबतात. तरीही या तपासणीवर विसंबून राहणे धोक्याचे आहे. मुठीतील ‘प्रॉक्सिमिटी’ ही दुसरी बारीक तारही अशाच संरक्षक कामासाठी असते. त्यामुळे या दोन्ही तारांना घरगुती मंडल जोडणे अयोग्य मानले जाते.

चार्जर उघडून २३० व्होल्टच्या तारेवरून रोधक-कपॅसिटर पद्धतीने कमी विभवांतर मिळवणेही तितकेच धोकादायक आहे. अशा मंडलात विद्युत विलगता नसते. बटणाला स्पर्श करणारी व्यक्ती प्रत्यक्षात मुख्य विजेच्या संपर्कात येऊ शकते. याशिवाय चार्जरचे आवरण उघडल्याने त्याची पाणीरोधक क्षमता व हमी दोन्ही जातात. भिंतीवरील बटणासाठी बाहेरची वीज हवीच असेल तर भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह असलेला ५ व्होल्टचा तयार ॲडॉप्टर वेगळ्या सॉकेटमधून वापरणे सुरक्षित असते.

अन्य ऊर्जास्रोत

बटण दाबण्याच्या बळातूनच वीज निर्माण करणारे सेलविरहित स्विच उपलब्ध आहेत. जर्मनीतील एनओशन या कंपनीने अशा तंत्रज्ञानाचा प्रसार केला. त्यातील विद्युतचुंबकीय यंत्रणा एका दाबण्यातून सुमारे २०० मायक्रोज्यूल ऊर्जा देते. वरील हिशोबातील संकेताला ३ व्होल्ट × १५ मिलिअँपिअर × ०.५ सेकंद, म्हणजे सुमारे २२.५ मिलिज्यूल ऊर्जा लागते. ही गरज उपलब्ध ऊर्जेच्या शंभरपटीहून अधिक आहे. सेलविरहित स्विच अत्यंत लहान संकेत पाठवतात, म्हणून ते चालतात. लांब संकेताची पुनरावृत्ती करणाऱ्या बटणाला ते पुरत नाहीत.

सुपरकपॅसिटर हा दुसरा पर्याय आहे. १ फॅरडचा सुपरकपॅसिटर ३ व्होल्टवरून २ व्होल्टपर्यंत उतरताना २.५ ज्यूल ऊर्जा देतो. त्यात सुमारे ११० वेळा संकेत पाठवता येतो. त्याला लहान सौरपट्टी जोडल्यास सेल बदलण्याची गरज उरत नाही. परंतु सुपरकपॅसिटरची गळती लक्षणीय असल्याने वाहनतळाच्या अंधाऱ्या जागेत ही व्यवस्था निरुपयोगी ठरते.

हवामानाचा परिणाम

वर्धा जिल्ह्यातील सेवाग्राम व एकूणच विदर्भात उन्हाळ्यातील कमाल तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास जाते. उन्हात उभ्या असलेल्या बंद मोटारीत ते बाहेरच्यापेक्षा वीस अंशांहूनही अधिक वाढू शकते. सामान्य सीआर२०३२ सेलची कमाल कार्यमर्यादा बहुधा ६० अंश असते. म्हणून असे बटण मोटारीच्या डॅशबोर्डवर किंवा उन्हातील मुठीवर कायम ठेवणे सेलला हानिकारक असते. रासायनिक क्रियांचा वेग दर १० अंशांमागे साधारण दुप्पट होतो, या स्थूल नियमानुसार २५ अंशांऐवजी ४५ अंशांत ठेवलेल्या सेलचा स्वविसर्ग चौपट होतो. लिथियम सेलच्या बाबतीत ही वाढ सोसण्यासारखी असते. अल्कलाइन सेलमध्ये मात्र उष्णतेने पाझरण्याची शक्यता वाढते व पाझरलेले द्रव्य धातूचे संपर्क खाऊन टाकते.

पावसाळ्यातील दमटपणा हा वेगळा प्रश्न आहे. मंडलफलकावर साचलेली ओल व धूळ यांतून काही मायक्रोअँपिअरची गळती सुरू होते आणि निद्रावस्थेतील बचत निष्फळ ठरते. फलकावर संरक्षक लेप देणे, सोल्डरिंगनंतर फ्लक्स पुसून काढणे व डबीच्या सांध्यात रबरी गोट बसवणे हे त्यावरील उपाय होत. थंड प्रदेशांत याच्या उलट स्थिती असते. तेथे सेलचा अंतर्गत रोध वाढून संकेत दुबळा पडतो.

कॉइन सेल आणि लहान मुले

२० मिलिमीटर व्यासाचा लिथियम कॉइन सेल लहान मुलाने गिळल्यास तो अन्ननलिकेत अडकू शकतो. ओल्या ऊतींमधून विद्युतधारा वाहू लागते आणि सेलच्या ऋण बाजूस तीव्र अल्कली तयार होते. त्यामुळे दोन तासांतही गंभीर भाजल्यासारखी जखम होऊ शकते. ही इजा सेलमधून द्रव पाझरल्याने नव्हे, तर मुख्यतः विद्युतधारेमुळे होते. म्हणून साधन चालवू न शकणारा, ‘संपलेला’ सेलही धोकादायक असतो. गिळल्यानंतर सुरुवातीला मूल केवळ लाळ गाळते, खाणे नाकारते किंवा खोकते. त्यामुळे प्रकार लक्षात यायला उशीर होतो.

सेल गिळल्याची शंका येताच मुलाला क्ष-किरण तपासणीची सोय असलेल्या रुग्णालयात ताबडतोब नेणे आवश्यक असते. उलटी करवू नये व खाण्यापिण्यास देऊ नये. याला एकच अपवाद आहे : मूल एक वर्षाहून मोठे असेल, ते गिळू शकत असेल व सेल गिळून बारा तास झाले नसतील, तर रुग्णालयात पोहोचेपर्यंत दर दहा मिनिटांनी दोन चमचे, म्हणजे १० मिलिलिटर, मध जास्तीत जास्त सहा वेळा देण्याची शिफारस केली जाते. मधासाठी रुग्णालयात जाण्यास विलंब करू नये. एक वर्षाखालील मुलास मध देऊ नये. महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक आहे. सेवाग्राम परिसरात महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेचे कस्तुरबा रुग्णालय आहे; १९६९ मध्ये सुरू झालेली ही संस्था भारतातील पहिले ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय म्हणून ओळखली जाते.

अमेरिकेत २०२२ मध्ये संमत झालेल्या ‘रीझ कायद्या’ने अशा सेलवर चालणाऱ्या ग्राहकोपयोगी साधनांची सेलची खोबण मुलांना उघडता येणार नाही अशी असणे बंधनकारक केले. घरगुती साधनाची तपासणी कोणतीही यंत्रणा करत नाही. त्यामुळे त्याच्या डबीचे झाकण स्क्रूने बंद करणे, पडल्यावर सेल बाहेर उडणार नाही याची खात्री करणे आणि जुना सेल काढताच दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावून तो मुलांच्या हाती लागणार नाही असा ठेवणे, ही जबाबदारी बनवणाऱ्यावरच येते.

नियमन आणि गैरवापर

भारतात बिनतारी साधनांचे नियमन केंद्र शासनाकडे आहे. ४३३ ते ४३४ मेगाहर्ट्झ हा पट्टा १० मिलिवॉटपर्यंतच्या कमी शक्तीच्या साधनांसाठी परवानामुक्त करण्यात आला आहे. परदेशातील आराखड्यांमध्ये आढळणारी प्रत्येक वारंवारता भारतात परवानामुक्त असतेच असे नाही. म्हणून साधन तयार करण्यापूर्वी दूरसंचार विभागाचे प्रचलित नियम पाहणे आवश्यक ठरते.

झाकण उघडण्याचा संकेत स्थिर स्वरूपाचा असतो. किल्लीच्या संकेताप्रमाणे तो दर वेळी बदलत नाही. या संकेताने मोटारीचे दार उघडत नाही किंवा मोटार सुरू होत नाही. तथापि दुसऱ्याच्या वाहनाचे झाकण उघडून ठेवण्याचा खोडसाळपणा त्यातून होऊ शकतो. झाकण उघडल्यावर काही वेळात केबल जोडली गेली नाही तर मोटरने चालणारे झाकण आपोआप बंद होते.

वापरून झालेले सेल घरच्या कचऱ्यात टाकू नयेत. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ नुसार लहान सुवाह्य बॅटऱ्यांचाही वेगळा संग्रह व पुनर्चक्रण अपेक्षित आहे.

चाचणी

भार नसताना मल्टिमीटरने मोजलेले विभवांतर फसवे असते. लिथियम कॉइन सेल बहुतांश आयुष्यभर ३ व्होल्टच्या जवळच राहतो. त्यामुळे सेलला २०० ओहमचा रोधक क्षणभर जोडून, म्हणजे सुमारे १५ मिलिअँपिअर भार देऊन, विभवांतर किती उतरते ते पाहतात. निष्क्रिय धारा मोजण्यासाठी १,००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर भारित करून सेलच्या जागी जोडण्याची पद्धत आहे. १ मायक्रोअँपिअर धारेने त्याचे विभवांतर एका मिनिटात ०.०६ व्होल्टने उतरते. कपॅसिटर आधी एकटा ठेवून त्याची स्वतःची गळती मोजावी व ती एकूण आकड्यातून वजा करावी लागते.

शैक्षणिक उपयोग

हाताने वस्तू घडवताना विषय शिकण्याची कल्पना सेवाग्रामशी जोडलेली आहे. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेतून, महात्मा गांधींच्या पुढाकाराने, हस्तोद्योगाला केंद्रस्थानी ठेवणारी ‘नई तालीम’ पद्धती पुढे आली. झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने तिचा अभ्यासक्रम आखला आणि सेवाग्राम हे तिचे प्रमुख केंद्र बनले. त्या काळी सूतकताईतून गणित शिकवले जाई. प्रस्तुत बटणासारख्या लहान साधनातून ओहमचा नियम, ऊर्जेचा हिशोब, सेलचे रसायन व सुरक्षित रचना हे शालेय आणि पदविका स्तरावरील विषय एकत्र शिकवता येतात. अशा प्रयोगासाठी मोटार जवळ असण्याची गरज नसते; प्रेषकाच्या जागी दिवा व रोधक जोडूनही वीजपुरवठ्याचा संपूर्ण अभ्यास करता येतो.

हेही पहा

- विद्युत वाहन
- लिथियम सेल
- ओहमचा नियम
- मायक्रोकंट्रोलर
- नई तालीम
- सेवाग्राम